प्रकल्पाला मार्गदर्शक हवा आहे!

डॉ. जयंत नारळीकर यांचे व्याख्यान संपले की त्यांच्याभोवती मुलांचा गराडा पडत असे. प्रत्येकाच्या हातात वही आणि मागणी एकच, सही द्या. नारळीकर अशा वेळी मुलांना सांगत, की विज्ञानातला एखादा प्रश्न पोस्टकार्डावर लिहून मला पाठवा. उत्तर सहीनिशी मिळेल.

या छोट्याशा अटीत बरेच काही आहे. सही मागायला वही पुरते. प्रश्न पाठवायचा तर तो आधी पडावा लागतो, शब्दांत मांडावा लागतो आणि पत्ता शोधून टपालात टाकावा लागतो. मोठ्या माणसाची सही आणि मोठ्या माणसाची मदत यांत जो फरक आहे, तो नेमका हाच.

हे आठवायचे कारण असे. १९९३ साली राष्ट्रीय बालविज्ञान परिषद सुरू झाली आणि आपल्या शाळांतून ‘प्रकल्प’ हा शब्द रुळला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधील चार वर्षांच्या पदवीमुळे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपुढेही संशोधन प्रकल्प येऊन ठेपला आहे. त्याबरोबर शिक्षक-खोलीत एक प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकू येतो, “सर, आम्हांला कोणीतरी मार्गदर्शक मिळवून द्या ना!” विषय विचारला तर उत्तर येते, “तो मार्गदर्शकच सांगतील.” इथेच गाडी रुळावरून घसरते. ज्याच्याकडे प्रश्नच नाही त्याला मार्गदर्शक भेटला, तर तो मार्ग दाखवत नाही, स्वतःच चालू लागतो. मग प्रकल्प होतो, तक्ते रंगतात, क्वचित बक्षीसही मिळते. मात्र मुलाच्या हाती त्याचे स्वतःचे असे काहीच उरत नाही.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे : आधी स्वतःच्या प्रश्नामागे जमेल तितके चालावे, एका ठरावीक जागी अडावे आणि मग त्या जागी मदत करू शकेल असा माणूस शोधावा. हे कसे करायचे, ते क्रमाने पाहू.

आधी प्रश्न अडू द्या

एक उदाहरण घेऊ. ते कल्पित आहे, पण आपल्याकडच्या पुष्कळ गावांत घडू शकेल असे आहे. नववीतल्या दोन मुलींच्या लक्षात येते, की शाळेजवळची विहीर फेब्रुवारीत आटते, पण देवळाजवळच्या विहिरीत एप्रिलपर्यंत पाणी असते. असे का?

एवढ्यावर कोणा प्राध्यापकांकडे धाव घेतली, तर ते सौजन्याने चार सामान्य गोष्टी सांगतील आणि निरोप देतील. त्यापेक्षा मुलींनी स्वतः काय करावे? पहिला अंदाज साधा आहे, की देवळाजवळची विहीर जास्त खोल असेल. दोरीला वजन बांधून मोजले, तर निघते उलटेच. देवळाजवळची विहीर ९ मीटर खोल आणि शाळेजवळची १४ मीटर! दुसरा अंदाज असा, की शाळेजवळच्या विहिरीवर पंप जास्त वेळ चालत असेल. मालकांना विचारून पंपाचे तास लिहून घेतले, तर तेही जवळजवळ सारखे. पाऊस तर दोन्हीकडे एकच.

मग ऑक्टोबरपासून दर रविवारी सकाळी, पंप सुरू होण्यापूर्वी, कठड्यावरच्या एकाच खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजायचे. (हे काम नेहमी मोठ्या माणसाच्या सोबतीने आणि पक्का कठडा असलेल्या विहिरीवरच करावे.) डिसेंबरपर्यंत वहीत दहा-बारा नोंदी होतात. आलेखावर शाळेजवळच्या विहिरीची रेषा झपाट्याने खाली उतरलेली दिसते, दुसरीची संथपणे. मुली आता खऱ्या अर्थाने अडल्या आहेत. खोली नाही, उपसा नाही, पाऊस नाही. मग फरक कशाचा?

ही अडलेली जागा म्हणजेच मार्गदर्शकाकडे जाण्याचे पारपत्र. ती जितकी नेमकी, तितका माणूस शोधणे सोपे.

मार्गदर्शक म्हणजे एकच माणूस नव्हे

मार्गदर्शक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे डॉक्टरेट मिळवलेला, मोठ्या संस्थेतला शास्त्रज्ञ उभा राहतो. प्रत्यक्षात प्रकल्पाला तीन तऱ्हेची मदत लागते. जागेची माहिती असलेला माणूस, मोजण्याची रीत जाणणारा माणूस आणि विषयाचे शास्त्र जाणणारा माणूस. हे तिघे एकाच ठिकाणी क्वचित भेटतात.

आपल्या उदाहरणात पहिला मार्गदर्शक गावातच आहे. तो म्हणजे विहिरी खोदणारा म्हातारा. तो सांगतो, “देवळाजवळ मुरमाखाली मांजऱ्या लागला होता. शाळेजवळ मात्र थेट काळा पाषाण. सुरुंग लावून लावून खाली गेलो, पण झरा बारीकच.” दोन वाक्यांत प्रकल्पाची दिशा बदलली. कारण फरक विहिरीत नसून खडकात असावा.

दुसरी मदत शासनाकडे आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यातल्या ठरावीक निरीक्षण विहिरींची पाणीपातळी वर्षातून चार वेळा, म्हणजे ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत मोजते. तिची कार्यालये जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत. मोजणी कशी करावी आणि आपल्या भागातली निरीक्षण विहीर कोणती, हे तिथे विचारता येते.

तिसरी मदत भूशास्त्राच्या प्राध्यापकांची. महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेल्या बेसाल्ट खडकाचा आहे. लाव्हाचे थर एकावर एक साचले. प्रत्येक थराच्या वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांपैकी अनेक खनिजांनी भरल्या. हा खडक झिजून भुसभुशीत झाला, की त्यात पाणी साठते आणि वाहते. मधला घट्ट, काळा भाग स्वतः पाणी धरत नाही. त्यात भेगा असतील तेवढेच पाणी मिळते. म्हाताऱ्याचे शब्द आणि प्राध्यापकांचे शास्त्र इथे एकमेकांना भेटतात. पण आपल्या गावातला मांजऱ्या किती दूर पसरला आहे आणि विहिरीच्या भिंतीवर तो कसा ओळखायचा, हे मुलींना एकट्याने ठरवता येणार नाही. इथे शास्त्र जाणणारा माणूस हवा.

नाव कसे शोधावे?

शोध जवळून दूर जाणारा असावा. पहिला थांबा आपल्या तालुक्यातले किंवा जिल्ह्यातले महाविद्यालय. भूशास्त्र नसेल तर भूगोल, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र हे विभाग तरी असतात. जवळचा माणूस महिन्यातून एकदा भेटू शकतो. दूरच्या नामवंतांची भेट वर्षातून एकदाही होत नाही. शेतीशी निगडित प्रश्न असेल तर जिल्ह्यातले कृषी विज्ञान केंद्र आणि राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील आपली चार कृषी विद्यापीठे आहेत. पक्षी-प्राण्यांसाठी मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ पासून काम करीत आहे. वनस्पती ओळखण्यासाठी भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आहे.

दुसरी वाट ‘शोधगंगा’ची. गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राने संगणकावर उभारलेला हा पीएच.डी. प्रबंधांचा साठा सर्वांना विनामूल्य खुला आहे. त्यात आपल्या जिल्ह्याचे वा नदीचे नाव आणि ‘भूजल’ या अर्थाचा इंग्रजी शब्द घालून शोध घ्यावा. प्रबंध बहुधा इंग्रजीत असतात आणि ते सगळे वाचायची गरज नाही. मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि ऋणनिर्देश एवढी पाने पुरेत. मुखपृष्ठावर मार्गदर्शकाचे आणि विभागाचे नाव असते; ऋणनिर्देशात कोणत्या प्रयोगशाळेत कोणी कसली मदत केली, ते कळते. आपल्याच तालुक्यातल्या विहिरींवर कोणी चार वर्षे काम केले आहे, हे वाचून मुलांचे डोळे कसे विस्फारतात, ते शिक्षकांनी एकदा अनुभवावेच!

नाव सापडले, की त्या व्यक्तीचे निदान एक लिखाण डोळ्यांखालून घालावे. सगळे समजणार नाही. एखादा नकाशा, एखादा तक्ता समजला तरी चालेल. आपला प्रश्न आणि त्यांचे काम कुठे जुळते, हे एका वाक्यात सांगता आले पाहिजे. तसे सांगता येत नसेल, तर माणूस चुकला आहे असे समजावे.

एका जगप्रसिद्ध पत्राची रचना

अपरिचित तज्ज्ञाला लिहिलेल्या पत्रांत सर्वांत प्रसिद्ध पत्र श्रीनिवास रामानुजन यांचे. १६ जानेवारी १९१३ रोजी त्यांनी ते मद्रासहून केंब्रिजच्या जी. एच. हार्डी यांना पाठवले. रामानुजन यांची प्रतिभा अलौकिक होती. आपल्या विद्यार्थ्यांची तिच्याशी तुलना करायची नाही. पण पत्राची बांधणी कोणीही शिकावी अशी आहे.

सुरुवातीला त्यांनी आपण कोण ते सरळ सांगितले : मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमधला, वर्षाला २० पौंड पगाराचा कारकून, विद्यापीठाचे शिक्षण नाही. मग ते हार्डींच्याच पुस्तिकेकडे वळले. दिलेल्या संख्येपेक्षा लहान मूळ संख्या किती, हे सांगणारे निश्चित सूत्र अजून सापडलेले नाही, असे विधान त्या पुस्तिकेच्या ३६ व्या पानावर होते. त्या पानाचा उल्लेख करून, आपल्याला असे एक सूत्र सापडले आहे, असे रामानुजन यांनी लिहिले. सोबत स्वतःची सुमारे १२० प्रमेये जोडली आणि ती पाहण्याची विनंती केली.

आपण कोण, तुमच्या कामाशी आमचा संबंध कुठे, आम्ही काय केले आहे, तुमच्याकडून काय हवे. सगळे त्यात आले. गंमत म्हणजे मूळ संख्यांबद्दलचा त्यांचा तो दावा पुढे चुकीचा ठरला. तरीही हार्डींनी ८ फेब्रुवारीला उत्तर लिहिले आणि सिद्धता मागवल्या. चूक असलेले पण केलेले काम पाहून जाणकार माणूस थांबतो. ज्यात कामच नाही, अशा निर्दोष पत्रापाशी तो थांबत नाही.

आपले पत्र

आता विद्यार्थ्यांची पत्रे बहुधा कशी असतात ते पाहा :

“आदरणीय सर, आपण थोर शास्त्रज्ञ आहात. आम्हांला पाण्यावर प्रकल्प करायचा आहे. तरी कृपया आम्हांला योग्य विषय सुचवून मार्गदर्शन करावे.”

यात नम्रता आहे, परंतु वाचणाऱ्याला करता येण्याजोगे काहीच नाही. पाण्यावर म्हणजे कशावर? मार्गदर्शन म्हणजे किती आणि कधी? हेच पत्र नाव बदलून वीस जणांना गेले असेल, अशी शंकाही येते. आता दुसरे पत्र :

“सा. न. वि. वि.

आम्ही नववीच्या दोन विद्यार्थिनी आहोत. आमच्या गावातली ९ मीटर खोल विहीर एप्रिलपर्यंत टिकते, पण १४ मीटर खोल विहीर फेब्रुवारीत आटते. याचे कारण आम्ही शोधत आहोत. ऑक्टोबरपासून दर आठवड्याला आम्ही दोन्हींची पातळी मोजली आहे. नोंदींचा तक्ता सोबत आहे. उपसा दोन्हींचा सारखाच आहे. विहीर खोदणाऱ्यांच्या सांगण्यानुसार पहिलीत मांजऱ्या आणि दुसरीत काळा पाषाण लागला.

आपण आमच्या तालुक्यातल्या खडकांवर केलेल्या कामातला नकाशा आम्ही पाहिला. विहिरीच्या भिंतीवरचे थर कसे ओळखावेत, हे आम्हांला समजत नाही. दोन्ही विहिरींची छायाचित्रे घेऊन आम्ही शिक्षकांसह आपल्याकडे अर्ध्या तासासाठी येऊ शकतो का? जानेवारीतला कोणताही शनिवार चालेल. आमच्या शिक्षकांचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक खाली दिला आहे.”

हे पत्र कागदावर लिहा किंवा ई-मेलने पाठवा. लांबी एका पानापेक्षा जास्त नको. स्तुती नको, प्रमाणपत्रांच्या प्रती नकोत. मागणी लहान हवी. ‘वर्षभर मार्गदर्शन करा’ याला ‘हो’ म्हणणे अवघड. ‘अर्धा तास द्या’ याला सोपे. आणि अर्ध्या तासात मुलांचे काम आवडले, तर वर्षभराचा संबंध आपोआप जुळतो.

पत्र मुलांनीच लिहावे. शिक्षकांनी शुद्धलेखन तपासावे, पण भाषा बदलू नये. मोठ्या माणसाने मुलांच्या नावाने लिहिलेले पत्र लगेच ओळखू येते.

उत्तर आले नाही तर?

येणार नाही, हे गृहीत धरूनच निघावे. परीक्षा, दौरे, प्रशासन यांतून वेळ काढणे तज्ज्ञांना जड जाते. दोन आठवड्यांनी एक लहानसे स्मरणपत्र पाठवावे. त्यालाही उत्तर नसेल, तर मनात अढी न ठेवता यादीतल्या दुसऱ्या नावाकडे वळावे. एकाच वेळी दहा जणांना तीच विनंती करू नये. चौघांनी होकार दिला तर तिघांना नकार कळवण्याची पाळी येते. दरम्यान रविवारची मोजणी मात्र चुकू देऊ नये. मार्गदर्शक मिळेपर्यंत थांबलेला प्रकल्प मिळाल्यावरही फारसा चालत नाही.

नकाराचा अर्थ ‘तुमची लायकी नाही’ असा लावून पुष्कळ मुले, विशेषतः मुली, तिथेच थांबतात. त्यांना कमला भागवत, म्हणजेच पुढच्या डॉ. कमला सोहोनी, यांची गोष्ट जरूर सांगावी. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. संचालक होते सर सी. व्ही. रामन. अर्ज नाकारला गेला, कारण त्या स्त्री होत्या. कमलाबाई स्वतः बंगळूरला गेल्या आणि हटून बसल्या. अखेर अटी घालून त्यांना एक वर्ष प्रवेश मिळाला. तिथे श्रीनिवासय्या यांच्यासारखे मार्गदर्शक लाभले. दूध आणि डाळींतल्या प्रथिनांवर त्यांनी काम केले, पुढे केंब्रिजला जाऊन १९३९ साली डॉक्टरेट मिळवली आणि परतल्यावर नीरेच्या पोषणमूल्यावर संशोधन केले. संस्थेचे दार लावणारा एक होता आणि शिकवणारा दुसरा होता. एका माणसाचा नकार हा विज्ञानाचा नकार नसतो.

पहिली भेट आणि त्यानंतर

भेटीला जाताना रंगीत तक्ते नव्हे, तर मूळ वही न्यावी. खाडाखोड असलेली, एखाद्या रविवारी पाऊस आल्याने मोजणी चुकली असे प्रामाणिकपणे लिहिलेली वही जाणकाराला अधिक सांगते. शाळकरी मुलांसोबत शिक्षक किंवा पालक प्रत्येक भेटीत असावेतच. मात्र बोलायचे मुलांनी. शिक्षकांना उत्तर ठाऊक असले तरी गप्प बसावे. हे कठीण आहे, पण जमते.

सांगितलेले लिहून घ्यावे आणि निघण्यापूर्वी वाचून दाखवावे : “आम्ही पुढच्या महिन्यात ही तीन कामे करू, बरोबर ना?” आठ दिवसांत आभाराचे पत्र जावे आणि ठरलेले काम झाले की नोंदी पाठवाव्यात. तज्ज्ञांची मोठी तक्रार अशी असते, की मुले एकदा येतात आणि नंतर दिसतच नाहीत.

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. वर्षभर कोणाच्या हाताखाली काम करायचे असेल, तर त्यांच्याकडे सध्या काम करणाऱ्या एक-दोन विद्यार्थ्यांशी आधी बोलावे. सर किंवा मॅडम किती दिवसांनी भेटतात? लिहिलेले वाचून परत देतात का? शोधनिबंधावर कोणाची नावे येतात? नामवंत पण न भेटणाऱ्या मार्गदर्शकापेक्षा कमी प्रसिद्ध पण दर आठवड्याला वही पाहणारा मार्गदर्शक केव्हाही चांगला. बंगळूर, नवी दिल्ली आणि प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्त्या देत आल्या आहेत. त्यांसाठी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांप्रमाणे शिक्षकांनाही अर्ज करता येतो, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत नसते.

आणि एक इशारा. पैसे घेऊन ‘तयार प्रकल्प’ देणारे आता जागोजागी आहेत. तो मार्गदर्शक नव्हे, दुकानदार. त्याच्याकडून अहवाल विकत मिळेल, पण विहिरीत पाणी का टिकते ते कळणार नाही.

शिक्षकाचे काम

या सगळ्यात आपली, शिक्षकांची, जागा कोणती? ‘मला या विषयातले काही कळत नाही, मी काय मार्गदर्शन करणार?’ असे अनेक शिक्षक संकोचाने म्हणतात. भूशास्त्र न कळणारा शिक्षकही मुलींना विचारू शकतो, “खोलीमुळे असेल म्हणता? मग मोजली का?” हा एक प्रश्न विचारणे हेच पहिले मार्गदर्शन. पुढचे तज्ज्ञ करतील. पण मुले तज्ज्ञांच्या दारापर्यंत पोचतात ती या प्रश्नामुळे.

प्रकल्प संपल्यावर अहवालात ऋणनिर्देशाचे पान येते. त्यावर प्राध्यापकांचे नाव असेलच. त्याच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत, विहिरी खोदणाऱ्या त्या म्हाताऱ्याचेही नाव आहे ना, तेवढे मात्र शिक्षकांनी पाहावे.